आधी बाहेरची वाट, मग कपाट

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा अठ्ठावीस वर्षांचं बिऱ्हाड हलवायला हातात दोन महिने होते. भाड्याने मिळालेला फ्लॅट आधीच्यापेक्षा लहान, आणि त्याला माळा नाही. सामान हलवणारा माणूस खोक्यांचा अंदाज घ्यायला आला, घरभर एक चक्कर मारली आणि माळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यात काय आहे?" मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे. दोघींनाही सांगता येईना.

त्या दोन महिन्यांत आणि त्यानंतरच्या वर्षांत जे जमलं, जे फसलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांनी अजून एक खणही रिकामा केलेला नाही त्यांना धरून लिहिलंय. घर बदलायचं नसलं तरी क्रम हाच.

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्या घरातल्या अर्ध्या वस्तू आपण विकत घेतलेल्याच नसतात. काही आहेरात आलेल्या, काही संक्रांतीच्या वाणात, काही ओटीत, काही माहेरहून, काही सासऱ्यांच्या पश्चात. त्यामुळे "ही वस्तू मला हवी का?" हा प्रश्न आपल्याकडे सरळ सुटत नाही. वस्तू नको म्हटलं की ती देणारी मावशी डोळ्यांसमोर उभी राहते. मी पहिल्या आठवड्यात धडाक्यात आठ पिशव्या भरल्या आणि बाल्कनीत ठेवल्या. कुणाला द्यायच्या ते ठरवलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी त्यातल्या चार रिकाम्या झाल्या होत्या, कारण जाता-येता सासूबाई एकेक वस्तू परत आत आणत होत्या. "अगं, चांगली आहे की. लागते कधीतरी."

चूक त्यांची नव्हती, माझी होती. पिशवीला बाहेरची वाट नसेल तर ती आतच येणार.

पहिली पायरी: वाटा ठरवा

कपाटाला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि आपल्या भागात कोणती वस्तू कोण नेतं ते लिहा. फोन करा, दिवस विचारा, तोही लिहा. माझा कागद फ्रिजच्या दारावर होता.

रद्दीवाला आणि भंगारवाला तर सगळ्यांना माहीत असतात. पण तांब्या-पितळेची भांडी भंगारवाल्याला देऊ नका. ती भांड्यांच्या दुकानात मोडीत द्या. मोडीचा भाव रोज बदलतो, तांब्याला पितळेपेक्षा जास्त मिळतो आणि स्टीलला अगदीच कमी. दोन दुकानांत विचारल्याशिवाय तराजूवर काही ठेवू नका. जुन्या, जाड पितळी भांड्याला कल्हई करून वापरायचं असेल तर आधी ते वेगळं काढा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजूनही हे काम जाणणारी माणसं आहेत.

कपड्यांसाठी तुमच्याकडे बोहारीण, म्हणजे जुने कपडे घेऊन बदल्यात भांडी देणारी बाई, येत असेल तर नशीबवान आहात. ती जरीची साडी आणि चांगल्या पँटी आधी बघते, बाकीच्यांना नाक मुरडते, आणि शेवटी एका पातेल्यावर सौदा पटतो. तिथेच गोम आहे: दहा साड्या देऊन घरात एक नवं पातेलं येतं! मी शेवटी तिला म्हटलं, भांडं नको, चाळीस रुपये दे. ती आधी हसली, मग दिले.

संस्थांपैकी अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'गूंज' बऱ्याच शहरांत कपडे घेते. सुती कपड्याचं तिथे सोनं होतं, त्यापासून पाळीसाठीची कापडी पॅडसुद्धा बनतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ठरावीक दिवशी जुनं फर्निचर, कपडे, ई-कचरा गोळा करते. कुठेही द्यायचं तर धुऊन, घडी घालून द्यायचं. बटण तुटलेला, काखेत उसवलेला शर्ट म्हणजे दान नव्हे, ते चिंधीच्या पिशवीत.

आणि एक, जरा टोचेल. "मावशींना देऊन टाकू" ही वाट म्हणून लिहू नका. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं घर आपल्यापेक्षा लहान असतं. त्यांना नको असलं तरी तोंडावर नाही म्हणता येत नाही. वस्तू दाखवा, "हवं असेल तरच न्या" म्हणा, आणि नेलं नाही तर पुन्हा विषय काढू नका. माझ्या मावशींनी मिक्सर नेला आणि क्रोकरीचा सेट तिथेच ठेवला. बरोबरच केलं त्यांनी.

दुसरी पायरी: जिथे कुणाचं मन गुंतलेलं नाही तिथून सुरू करा

माळ्यापासून सुरुवात करू नका. माळ्यावर आठवणी असतात, शिडी लागते, धूळ असते, आणि पहिल्याच दिवशी कंबर धरते. सुरुवात पिशव्यांच्या पिशवीपासून करा. ती प्रत्येक घरात असते, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला. दहा चांगल्या कापडी पिशव्या ठेवा, बाकीच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला. पंधरा मिनिटांचं काम, आणि कुणाचं मन दुखत नाही.

दुसऱ्या दिवशी औषधांचा डबा. मुदत संपलेलं सगळं बाहेर. अर्धी उरलेली अँटिबायोटिकची पट्टी "पुढच्या वेळी लागेल" म्हणून ठेवू नका. एक तर तो कोर्स अपुरा राहिलेला असतो, आणि पुढच्या वेळचा आजार तोच असेल असं नाही. उरलेली औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीवाल्याला सांगून द्या. पाऱ्याचा जुना थर्मामीटर आणि सीएफएल दिवेसुद्धा तसेच, न फोडता. दोन्हींत पारा असतो.

तिसऱ्या दिवशी वायरींचा खण. कोणता चार्जर कशाचा हे ज्या वायरीबद्दल घरात कुणालाच सांगता येत नाही, ती गेली. जुने फोन देण्याआधी त्यातले फोटो काढून घ्या, फोन रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढलं का बघा. फुगलेली बॅटरी असेल तर ती कचऱ्यात नको, दाबायची नको, भोसकायची तर मुळीच नको. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

या तीन दिवसांत घर फारसं बदलत नाही. पण घरातल्यांना दिसतं की ही बाई सगळंच फेकायला निघालेली नाही, आणि पुढच्या पायऱ्यांना ते लागतं.

तिसरी पायरी: स्वयंपाकघर

इथे थांबावं लागेल, कारण खरा पसारा इथेच आहे.

"वर्षभर वापरलं नाही ते काढा" हा नियम तुम्ही ऐकला असेल. आपल्या स्वयंपाकघरात तो चालत नाही. मोदकपात्र गणपतीतच निघतं. चकलीचा सोऱ्या दिवाळीत, पुरणयंत्र होळीला. वर्षातून एकदा निघणारी वस्तू म्हणजे अडगळ नव्हे. प्रश्न वेगळा विचारायचा: पुढच्या सणाला हेच निघणार, की दुसरं? आमच्याकडे तीन सोरे होते. एक पितळी, सासूबाईंच्या सासूबाईंचा, एक ॲल्युमिनियमचा, आणि एक स्टीलचा, फिरवायचा. दरवर्षी पितळीच निघायचा. बाकीचे दोन गेले, आणि त्यावर एकही शब्द झाला नाही. सणाचं सगळं एका डब्यात घालून त्यावर कागद चिकटवा: सोऱ्या, साचे, मोदकपात्र, आकाशकंदिलाची वायर.

मग कोठ्या. माझ्या सासूबाई एप्रिल-मे महिन्यात वर्षाचे गहू भरायच्या. ऊन द्यायचं, एरंडेल चोळायचं, कोठीत भरायचं. तेव्हा ती वीस-पंचवीस किलोची कोठी लागतच होती. आता आम्ही महिन्याला पाच किलो पीठ आणतो, तेही तयार. साठवण संपून पंधरा वर्षं झाली, साठवणीची भांडी मात्र आहेत. त्या कोठीत काय होतं सांगू? दुसरे डबे.

एक हिशेब मांडून बघा. कोठी, तिच्या शेजारचा बंद कूलर आणि मोडकी इस्त्रीची पाटी मिळून तीन फूट बाय चार फूट जागा जाते, म्हणजे बारा चौरस फूट. समजा तुमच्या भागात चौरस फुटाला १०,००० रुपये दर आहे. १,२०,००० रुपयांच्या जागेत आपण जेमतेम हजारभर रुपयांचं सामान ठेवलंय. हा हिशेब मी नवऱ्याला सांगितला आणि त्याच संध्याकाळी कूलर खाली गेला. भावनेने जे होत नाही ते कधीकधी हिशेबाने होतं.

आता स्टीलची भांडी. यांची अडचण अशी की त्यांच्यावर नावं असतात. आहेराचं भांडं घेतलं की दुकानदार मशीनने त्यावर घालून द्यायचा: कुणाकडून, कुणाला, तारीख. एका ताटलीवर १२-५-८४ अशी तारीख होती आणि देणाऱ्यांचं नाव अर्धं झिजलेलं. कोण हे कुणालाच आठवेना. तरी ती ताटली हातातून सुटेना. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला: ज्या नावाच्या माणसाची आठवण सांगता येते ते भांडं ठेवायचं, जे सांगता येत नाही ते मोडीत. दुपारभर दोघी ओट्याशी बसलो. बेचाळीसपैकी अकरा राहिली. त्या अकरांच्या गोष्टी मी पहिल्यांदाच ऐकल्या, त्यातल्या दोन इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

ठेवायचं किती, यासाठी माझं माप सोपं आहे. घरात माणसं किती, त्याच्या दुप्पट ताटं-वाट्या-पेले. चौघांच्या घरात आठ. बारसं किंवा पूजा असेल तर भांडी भाड्याने मिळतात. वीस माणसांसाठी वर्षातून एकदा लागणारं सामान ३६५ दिवस सांभाळायचं नसतं.

चौथी पायरी: कपडे

इथे फार सांगत नाही. कपाटातलं सगळं पलंगावर काढा, अंगाला होतं ते आणि होत नाही ते वेगळं करा. "बारीक झाल्यावर घालीन" हा ढीग सर्वांत मोठा असतो. त्यातले दोन ठेवा, आशेसाठी.

साड्यांचं वेगळं. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या, विशेषतः नऊवारी, देऊ नका. गोधडीला आणि बाळाच्या दुपट्यांना त्यांच्यासारखं कापड नाही. गोधडी शिवून देणाऱ्या बायका बऱ्याच गावांत आहेत, साड्या आपल्या आणि मजुरी त्यांची. चार साड्यांची एक गोधडी झाली की आईची साडी कपाटात पडून राहण्याऐवजी अंगावर येते. पैठणी ठेवणार असाल तर मलमलच्या कापडात ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर घडीवर जर तुटते.

आणि ब्लाउजपीस! ओटीत आलेला ब्लाउजपीस शिवायला टाकलेली बाई मला अजून भेटायची आहे. तो ओटीतूनच पुढे जातो. माझ्याकडे एकोणतीस होते. त्यातला एक हिरवा, पोपटी काठाचा, कोपऱ्यावर पेनाचा डाग असलेला. तो मीच दोन वर्षांपूर्वी वन्संना दिला होता. फिरून परत आला होता! आता घरात पाचाच्या वर ठेवत नाही. बाकीच्यांच्या शेजारच्या शिवणक्लासमधल्या मुलींनी उशांच्या खोळी केल्या.

पाचवी पायरी: कागद

कागदांना घाई करू नका. भांडं चुकून गेलं तर दुसरं आणता येतं, कागदाचं तसं नाही.

चार ढीग करा. पहिला ढीग कधीही न टाकायचा: खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, मृत्युपत्र, चालू विमा पॉलिसींचे मूळ कागद. यातच आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि जुने महसुली उतारे. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले ते कागद सर्वांत आधी रद्दीत जातात, आणि पुढे नातवंडाच्या जात पडताळणीला तेच शोधत फिरावं लागतं. महाराष्ट्रात त्यासाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या आधीचा, जातीची नोंद असलेला एक दाखला घरात असेल तर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. लॅमिनेशन करू नका.

दुसरा ढीग, काही वर्षं ठेवायचा: आयकराची विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे, घरदुरुस्तीची मोठी बिलं, मोठ्या आजारांच्या फायली. मी करांचे कागद आठ वर्षांचे ठेवते. घरावर केलेल्या खर्चाची बिलं मात्र घर विकेपर्यंत ठेवते, कारण विक्रीच्या वेळी कराच्या हिशेबात ती लागू शकतात. वॉरंटीच्या चकचकीत कागदावरच्या पावत्या वर्षभरात पुसट होतात. आणल्या दिवशीच फोटो काढा.

तिसरा ढीग संशयाचा: बंद बँकांची पासबुकं, जुने शेअर, पोस्टाची पुस्तकं. टाकण्याआधी तपासा. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण मालकाला किंवा वारसाला ती नंतरही मागता येते. २०२३ पासून त्यासाठी 'उद्गम' हे पोर्टल आहे, नाव घालून अनेक बँकांत एकदम शोधता येतं. सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअरसुद्धा सरकारी निधीकडे जातात आणि अर्ज करून परत मिळवता येतात. आमच्या सासऱ्यांच्या एका पासबुकात ३,१०० रुपये निघाले. ते मिळवायला रिक्षाला साडेचारशे घातले, पण सासूबाईंना झालेला आनंद त्याहून मोठा होता.

चौथा ढीग रद्दी. त्यात आधार-पॅनच्या झेरॉक्स असतील तर फाडून द्या, नुसत्या गठ्ठ्यात नकोत. लायसन्स आणि गाडीचं आरसी डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये घ्या, तिथलं दाखवलं तरी चालतं. मात्र सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद आणि आपण फोटो काढून चढवलेला कागद यांत फरक आहे. दुसऱ्याला मूळ कागदाचं वजन नाही.

लग्नपत्रिकांचा प्रश्न उरतो. वर गणपती छापलेला, म्हणून रद्दीत टाकवत नाही, आणि वर्षाला दहा-बारा येतात. आम्ही गणपती कात्रीने कापून घेतो, पाकिटांची मागची बाजू यादी लिहायला वापरतो. भंगलेल्या तसबिरींच्या काचा आणि चौकटी वेगळ्या करून फक्त चित्र निर्माल्याबरोबर देतो. सगळ्या घरांत हे चालेल असं नाही. देव्हाऱ्याचा निर्णय घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने घ्यावा, सुनेने त्यात पडू नये. हा अनुभवाचा सल्ला समजा.

सहावी पायरी: माळा

आता माळा. दोन माणसं, एक शिडी, तोंडाला फडकं, आणि एका दिवशी एकच कप्पा. खाली आलेली वस्तू "नंतर बघू" म्हणून परत वर जाणार नाही एवढी एकच अट. आमच्या माळ्यावर काय होतं? टीव्हीचं रिकामं खोकं, जो टीव्ही बारा वर्षांपूर्वी गेला. पाळण्याच्या दोऱ्या. तीन होल्डॉल. आणि एका ट्रंकेत सासऱ्यांचे गणवेश, इस्त्री करून ठेवलेले. ते उघडल्यावर त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं. एक गणवेश ठेवला, बाकीचे सासूबाईंनी सहा महिन्यांनी स्वतःहून काढून दिले. असल्या ट्रंकेला मुदत घालू नका.

सातवी पायरी: आत येणारं थांबवा

हे केलं नाही तर दोन वर्षांत सगळं परत भरतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांत मला एका वर्षी चौदा प्लॅस्टिकचे डबे आणि सहा गाळण्या मिळाल्या. आता मी वाण म्हणून खाऊन किंवा वापरून संपेल तेच लुटते: गूळ, तिळाचं तेल, वाती. पहिल्या वर्षी दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या, तिसऱ्या वर्षी त्यांनीच काडेपेट्या लुटल्या. आपल्या घरच्या कार्याच्या पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापा आणि खरंच घेऊ नका. एकाचा घेतला की सगळ्यांचा घ्यावा लागतो.

ऑनलाइन खरेदीला मी तीन दिवसांची वाट बघते. वस्तू टोपलीत घालायची, चौथ्या दिवशी आठवण राहिली तरच घ्यायची. फोनवरचे फॅमिली ग्रुप मूक करून ठेवले, "सुप्रभात"चे फोटो आपोआप उतरणं बंद केलं. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

रोजचं म्हणाल तर रात्री ओटा आवरल्यावर दहा मिनिटं जेवणाचं टेबल रिकामं करायचं, एवढंच. आडव्या जागा रिकाम्या ठेवल्या की कपाटं आपसूक ताब्यात राहतात. आणि घटस्थापनेच्या आधी आपण नाहीतरी घर झाडतोच, त्या आठवड्यात फ्रिजवरचा वाटांचा कागद ताजा करा: रद्दीवाल्याचा नंबर बदललेला असतो, बोहारीण यायची बंद झालेली असते.

शेवटी, काढून टाकलेलं लागलं तर? लागतं. आम्ही पुरणयंत्र देऊन टाकलं, सासूबाईंचे हात आता ते फिरवत नाहीत म्हणून, आणि त्याच होळीला जावई येणार असं कळलं. समोरच्या काकूंकडून आणलं, परत देताना रिकामं कसं द्यायचं म्हणून वर चार पोळ्या ठेवल्या. त्यांनी यंत्राबरोबर एक पितळी चाळणीही दिली होती. ती अजून आमच्या ओट्याखालीच आहे. एवढं लिहून झालं की जाऊन देऊन येते.